कै. दादासाहेब फाळके आणि त्यांच्या चित्रांचे अवशेष

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरसाल ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र द्यावयाचे असा परिपाठ आहे, आणि गेली नऊ वर्षे ही सेवा आमच्याकडे आहे. यंदा मात्र आम्ही संपादक मंडळाकडून एक सवलत मागून घेतली. ज्यांचे चरित्र आज आम्ही देत आहोत ते आपल्या ज्ञातीतले नव्हेत. त्यांचे नाव अवघ्या हिंदुस्थानास ठाऊक आहे. तेव्हा आपल्या पानांत त्यांस जागा दिल्याने कोणी रागावेल असे आम्हांस वाटत नाही.

सवलत मागण्याचे कारण सांगितले पाहिजे. गेल्या वैशाखात मंडळाच्या कार्यालयाची डागडुजी निघाली, तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली उतरली. तीत चपटे गोल डबे अकरा, कॅसेटी साठ-सत्तर, आणि फुटक्या व धड मिळून काही ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या. ही सामग्री वाजविण्याचे वा दाखविण्याचे यंत्र आज मंडळाजवळ नाही. भंगारवाला जुन्या खिडक्यांचे लोखंड नेण्यासाठी दारात उभाच होता, आणि ट्रंकेसह सगळे वजनावर देऊन टाकावे अशी सूचना आली. सूचना करणारे आमचे तरुण मित्र आहेत व मंडळाची जागा त्यांस खरोखरच अपुरी पडते. त्यांस दोष देण्याचे आमच्या मनात नाही. थोडी वादावादी होऊन प्रश्न वार्षिक सभेवर सोपविण्यात आला. त्या सभेपूर्वी सभासद कुटुंबांनी दादासाहेब फाळक्यांचे चरित्र एकवार डोळ्यांखालून घालावे, एवढ्याचसाठी हा लेख.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या क्षेत्री झाला. वडील गोविंद सदाशिव उर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. पुढे त्यांस मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापकाची जागा मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईस आले. मुलाने वेदविद्येत गती मिळवावी अशी पित्याची अपेक्षा असावी. परंतु मुलाचा ओढा रंग, माती, सोंगे आणि जादू यांकडे. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत नाव घातले, आणि पुढे वडील बंधूंच्या आश्रयाने बडोद्यास जाऊन सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम व वास्तुकला यांचे शिक्षण घेतले. छायाचित्रणाचा नाद तेथेच लागला. कलाभवनाचे चालक प्रा. गज्जर यांनी या विद्यार्थ्याची चिकाटी ओळखून त्यास रतलामला धाडले व तीन रंगांचे ठसे करण्याची विद्या शिकण्याची सोय करून दिली. गुरूने शिष्याची नड न सांगता ओळखावी, याला शिक्षकी पेशात फार मोल आहे. आम्ही छत्तीस वर्षे खडू हाती धरला, परंतु अशी ओळख आम्हांस किती वेळा साधली हे न सांगितलेलेच बरे.

गोध्रे येथे त्यांनी छायाचित्रांचा धंदा मांडला, तोच प्लेगची साथ आली. पहिली पत्नी व अपत्य तीत गेले. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला. या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई. त्यांच्याविषयी पुढे लिहावयाचे आहे. त्यानंतर काही काळ फाळके सरकारच्या पुराणवस्तुसंशोधन खात्यात छायाचित्रकार व नकाशाकार म्हणून नोकरीस होते. पडके मंदिर वा झिजलेले लेणे आहे तसे टिपून ठेवावयाचे, की काळाने ते आणखी पाडले तरी त्याचे रूप मागे राहावे, हे त्या खात्याचे काम. पुढे हिंदुस्थानात चित्रपटाचा उद्योग उभा करणारा हा मनुष्य ऐन उमेदीत जतनाच्याच खात्यात काम करीत होता, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आम्ही शेवटी याकडे पुन्हा वळणार आहोत.

वंगभंगाची चळवळ पेटली त्या दिवसांत त्यांनी ही सरकारी नोकरी सोडली आणि छपाईच्या धंद्यात शिरले. प्रथम लोणावळ्यास व मग दादरला. लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या छापखान्याच्या कामासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. रंगीत छपाईत त्यांचा हात धरणारा त्या वेळी क्वचित असेल. पण भागीदारांशी बिनसले, व चाळिशीच्या मनुष्याने भरला छापखाना सोडून रिकाम्या हाताने बाहेर पडावे तसे ते बाहेर पडले. या काळात केव्हातरी त्यांनी आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोगही केले. ही गंमत म्हणून सोडून देऊ नये. दिसते तसे नसते आणि नसते तसे दाखविता येते, हे ज्ञान त्यांस पडद्यावर फार उपयोगी पडले.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातील चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू हिंडत असता त्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ व अयोध्या येऊ लागली. दुसऱ्या दिवशी ते सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले. तेथून वेडच लागले म्हणावयाचे. दिवसा यंत्राची खटपट, रात्री चित्रगृहे, मिळेल त्या पुस्तकांचे वाचन, झोपेला रजा. या श्रमाने त्यांची दृष्टी गेली आणि डॉक्टरी उपचारांनी ती परत आली. आयुष्याचा विमा गहाण टाकून त्यांनी पैसा उभा केला व १ फेब्रुवारी १९१२ रोजी विलायतेचा रस्ता धरला.

लंडनमध्ये ओळखदेख नव्हती. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ शिरले. त्या संपादकाने प्रथम त्यांस या धंद्यापासून परावृत्त करण्याचा यत्न केला. पण गृहस्थ हटत नाही असे पाहून सेसिल हेपवर्थ या चित्रनिर्मात्याची गाठ घालून दिली. त्याच्या कलागृहात आठवडाभरात जे पाहावयाचे ते पाहून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र व कच्च्या फितीची तजवीज करून दोन महिन्यांच्या आत स्वारी मुंबईस परतली.

आता सरस्वतीबाई. आमच्या भगिनीवर्गाने हा भाग अवश्य वाचावा. त्या काळी कच्ची फीत कोरी येई. तिच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर बारीक भोके पाडावी लागत, कारण त्या भोकांत दाते अडकूनच फीत यंत्रातून सरकते. हे काम अंधारातच करावयाचे. दिवसभराचा संसार उरकून, मुलांना निजवून, ही माउली रात्री अंधाऱ्या खोलीत बसून भोके पाडी. फीत धुण्याची औषधे सिद्ध करणे, चित्रण चालू असता उन्हाचा प्रकाश पात्रांच्या तोंडावर वळविण्यासाठी पांढरी चादर ताणून उभे राहणे, आणि कंपनीतील साऱ्या माणसांचा स्वयंपाक, हे सर्व तिच्याकडे होते. पैशाची ओढ लागली तेव्हा अंगावरचे दागिनेही तिने काढून दिले. हिंदी चित्रपटाचा जनक एकच सांगतात. जननीचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही, आणि पाठ्यपुस्तकांतही आम्ही ते कधी वाचल्याचे आठवत नाही.

प्रथम त्यांनी एक लहानसा प्रयोग केला. कुंडीत वाटाणा पेरून त्याचे रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ पडद्यावर एका मिनिटात दिसली. तो कोंब सळसळत वर चढताना पाहून पैसेवाले सावकारही वरमले व कर्ज मिळाले. त्या पैशावर ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला.

या चित्राच्या हकीगती पुष्कळांस ठाऊक आहेत. म्हणून थोडक्यात सांगतो. चित्रण दादरला ज्या रस्त्यावर झाले त्यास आज फाळक्यांचेच नाव आहे. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी बाई मिळेना. त्या काळी प्रतिष्ठित घरची स्त्री सोडा, कलावंतिणीही या नव्या धंद्यात येण्यास तयार नव्हत्या. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातील साळुंके नावाचा तरुण फाळक्यांच्या नजरेस पडला. त्यास दरमहा दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि तो तारामती झाला. वांगणीस बाहेरचे चित्रण चालले असता ढाली-तलवारी घेतलेली ही मंडळी दरोडेखोर समजून गावकऱ्यांनी पोलीस पाटलास वर्दी दिली आणि सगळ्यांस अडकवून ठेवले. मग फाळक्यांनी यंत्र चालवून दाखविले तेव्हा सुटका झाली, असे सांगतात. भालचंद्र खेळता खेळता दगडावर पडून त्याच्या डोक्यास खोक पडली, तरी रोहिदासाच्या मृत्यूचे दृश्य त्याच अवस्थेत उरकण्यात आले. सहा महिने सत्तावीस दिवसांत ३,७०० फुटांचे हे चित्र पुरे झाले. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ते सर्वांस खुले झाले.

त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड व कारखाना घेऊन नाशिकास गेले. ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनी काम केले, आणि पडद्यावर स्त्रियांनी काम करण्याची वाट उघडली. १९१४ साली ते आपली चित्रे घेऊन पुन्हा विलायतेस गेले. तेथेच राहून काम करण्याविषयी त्यांस विचारणा झाली. ती नाकारून ते परतले, कारण हा धंदा हिंदुस्थानातच उभा करावयाचा हा त्यांचा हेका. इतक्यात महायुद्ध पेटले, फीत मिळेना, सावकारांनी हात आखडला. त्यातून वर येऊन १९१७ मध्ये त्यांनी ‘लंकादहन’ काढले. राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्याच साळुंक्यांनी केल्या. पडद्यावर रामचंद्र येताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून बसत. मद्रासेस तर उत्पन्नाची नाणी बैलगाडीत घालून न्यावी लागली, असे त्या वेळचे लोक सांगत.

१ जानेवारी १९१८ पासून हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. पाच भागीदार आले व भांडवल आले. ‘श्रीकृष्णजन्म’ व ‘कालियामर्दन’ ही त्या कंपनीची गाजलेली चित्रे. बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची कन्या मंदाकिनी. परंतु भांडवलाबरोबर भांडवलवाल्यांचे मतही येते. १९१९ मध्ये त्यांनी कंपनी सोडली व सहकुटुंब काशीक्षेत्री जाऊन राहिले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. पुढे १९२२ च्या सुमारास ते परत कंपनीत आले आणि चित्रे काढीत राहिले. पण आता नवे लोक, नवी तऱ्हा आली होती. १९३१ साली बोलपट अवतरला आणि मूकपटांची दुकाने एकदम बसली. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून पुरे झाले, त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तो १९३७ साली प्रदर्शित झाला. त्यांचा तो एवढाच बोलपट, आणि शेवटचे चित्र. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले. अखेरच्या दिवसांतही नव्या चित्रासाठी सरकारी परवान्याची खटपट चालूच होती.

येथवर चरित्र झाले. पुष्कळ पुस्तकांतून ते येथेच संपते. आमच्या मते त्याचा अर्धा भाग येथून पुढे आहे.

फाळक्यांनी काढलेल्या कथाचित्रांची संख्या नव्वदांवर आहे. लहान चित्रे निराळी. त्यांपैकी आज पाहावयास काय मिळते? ‘राजा हरिश्चंद्र’ ची पहिली व शेवटची मिळून दोन रिळे. ‘लंकादहन’ चा काही मिनिटांचा तुकडा. ‘श्रीकृष्णजन्मा’ चा असाच तुकडा. ‘कालियामर्दन’ बहुतांशी. ‘गंगावतरण’ आणि आणखी एखाद-दुसरे चुटपुटते अवशेष. हे सारे एका दिवसात पाहून होईल. साऱ्या हिंदुस्थानात मूकपटांच्या काळात तेराशेंवर चित्रे निघाली. पूर्ण व अपूर्ण मिळून जी शिल्लक आहेत त्यांची संख्या तीसपर्यंतही पोचत नाही. पहिला बोलपट ‘आलम आरा’ तर नाहीसाच झाला आहे.

हे झाले कसे, ते समजून घेतले पाहिजे. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे ज्या द्रव्याच्या जातीतून बंदुकीची दारू होते त्याच जातीची असे. एकदा पेटली की ती पाण्यातही जळत राहते, कारण जळण्यास लागणारा प्राणवायू ती स्वतःच्याच पोटातून काढते. न पेटली तरी उष्ण दमट हवेत ती सडते. प्रथम चित्र फिकटते, मग फीत चिकटून गोळा होते, आणि सरतेशेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. ‘राजा हरिश्चंद्रा’ ची मूळ फीतही अशीच जळाली व १९१७ साली फाळक्यांनी ते चित्र नव्याने काढले, असे सांगतात. त्यामुळे आज उरलेली रिळे १९१३ ची की १९१७ ची, यावर अभ्यासकांत वाद आहे. १९१७ ची मानणारांचे म्हणणे आम्हांस अधिक पटते. तसे असेल तर आपल्या पहिल्या चित्रपटाचा मूळ तुकडासुद्धा जगात नाही.

परंतु सर्व दोष आगीवर व हवेवर घालता येत नाही. फितीवरील चित्र चांदीच्या क्षारांनी उमटते. बोलपट आल्यावर मूकपटाची किंमत शून्य झाली, फितीतील चांदीची मात्र झाली नाही. जुनी चित्रे गाड्या भरभरून चांदी काढणारांस विकली गेली. धुतलेल्या उरलेल्या पट्टीच्या बांगड्याही झाल्या. विकणारे लोक दुष्ट नव्हते. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही आणि ज्याने घरास आग लागण्याचे भय, तो माल त्यांनी काढून टाकला. आमच्या कार्यालयाच्या दारातला भंगारवाला हा त्याच धंद्याचा वारस, एवढे मात्र ती ट्रंक पाहताना आमच्या मनात आले.

ज्या मनुष्याने लेण्यांची चित्रे जतनासाठी टिपली, त्याच्या स्वतःच्या चित्रांसाठी तसे खाते त्याच्या हयातीत निघाले नाही. ते निघाले त्यांच्यामागे वीस वर्षांनी. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले (२०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन आहे). पुढल्याच वर्षी तेथे पी. के. नायर नावाचे केरळीय गृहस्थ रुजू झाले. या माणसाने आयुष्य चित्रांच्या शोधात घालविले. बंद पडलेली कलागृहे, वखारी, वितरकांची गुदामे, कोठेही डबा असल्याचे कळले की ते निघाले. फाळक्यांचे अवशेष हाती लागले ते नाशिकास त्यांच्या कुटुंबात राहिलेल्या डब्यांमुळे. या डब्यांचे काय होणार हे घरच्यांस ठाऊक नव्हते. त्या चित्रांना बाजार उरला नव्हता, दाखविण्यास यंत्र नव्हते. वडिलांची वस्तू म्हणून ती ठेवली, इतकेच. नायर २०१६ साली वारले.

नाशिकच्या घरातून आलेल्या या तुकड्यांत काय आहे ते आम्ही दोन वेळा पाहिले आहे. पहिल्या दृश्यात हरिश्चंद्र रोहिदासास धनुर्विद्या शिकवीत आहे व तारामती शेजारी उभी आहे. पदर सावरण्याची तिची लकब अगदी घरंदाज, आणि तो उपाहारगृहातला तरुण आहे हे ठाऊक असूनही मनुष्य फसतो. ‘लंकादहना’ च्या तुकड्यात अशोकवनात सीता बसली आहे आणि वर झाडावर मारुती आहे. ‘कालियामर्दना’ च्या आरंभी मंदाकिनीचा नुसता चेहरा दिसतो. ती एकामागून एक भाव दाखविते, हसते, रुसते, रागावते, आणि मग तीच मुलगी कृष्ण होऊन येते. चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणाऱ्या एका लहान चित्रात तर खुद्द दादासाहेब फीत हातात धरून काम करताना दिसतात. शंभर वर्षांपूर्वीचा तो मनुष्य मान वळवितो, हात हलवितो. छापील चरित्र कितीही वाचले तरी हे त्यात नसते.

संग्रहालय झाले म्हणजे सारे झाले असेही नव्हे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यास नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि हजारो रिळे जळाली. ज्या चित्रांच्या नकला न पेटणाऱ्या फितीवर आधीच करून ठेवल्या होत्या ती चित्रे वाचली. फाळक्यांचे तुकडे त्यांत आहेत. एकच प्रत म्हणजे प्रत नव्हे, हा त्या आगीचा धडा जाणकार आजही देतात.

आवाजाची गोष्टही वेगळी नाही. गायनाचार्य भास्करबुवा बखले फाळक्यांचे समवयस्क, १८६९ सालचे. बालगंधर्व व मास्तर कृष्णराव यांचे गुरू. ते १९२२ साली वारले तेव्हा ग्रामोफोनच्या तबकड्या आपल्याकडे निघू लागून वीस वर्षे लोटली होती. तरी बुवांचे गाणे ऐकावयास आज एकही तबकडी नाही. त्यांचे समकालीन अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या निघाल्या, त्या लोकांनी घराघरांत जपल्या, आणि खाँसाहेब आजही गातात. बुवांविषयी मात्र शिष्यांनी सांगितले त्यावर भागवावे लागते.

येथे आम्हांस स्वतःचा एक अपराध सांगावयाचा आहे. आमच्या आजी जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणत. त्यांत त्यांच्या माहेरच्या गावाची, नदीची व भावंडांची नावे ओवलेली असत. १९८४ साली आमच्या मेहुण्यांनी टेपरेकॉर्डर आणून अर्धा तास त्यांच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या. पुढच्या वर्षी आजी गेल्या. त्यानंतर दोनएक वर्षांनी शाळेच्या संमेलनासाठी मुलांचे समूहगान भरून घ्यावयाचे होते, दुकान बंद होते, आणि आम्ही टेबलाच्या खणातली हाती आली ती कॅसेट घातली. पाठीवर आमच्याच मेहुण्यांच्या अक्षरांत नाव लिहिलेले होते. आम्ही ते वाचले नाही. समूहगान उत्तम भरले गेले. आईंना हे कळले तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढे मात्र आमच्या घरी त्यांनी टेप कधी लावू दिला नाही. ओव्यांतल्या चार-दोन आम्हांस अर्ध्यामुर्ध्या आठवतात. त्या नदीचे नाव आठवत नाही.

म्हणून ट्रंकेविषयी आम्ही जो हट्ट धरला तो का, हे आता वाचकांच्या ध्यानी आले असेल. जाणकारांस विचारून जे कळले ते असे. आपल्या डब्यांतली फीत नायट्रेटची नाही. ती १९५० नंतरची न पेटणारी जात आहे. परंतु तिलाही रोग लागतो. दोन डबे उघडताच लोणच्याच्या शिरक्यासारखा आंबट वास आला. तो त्या रोगाचा वास, आणि तो शेजारच्या डब्यांस लागतो, म्हणून ते दोन निराळे ठेवले आहेत. आकसून वाकडी झालेली फीत घरच्या यंत्रात घालू नये, तुटते. कॅसेटी उभ्या ठेवाव्यात, लोहचुंबकापासून व ध्वनिवर्धकापासून दूर. बुरशी धरलेली कॅसेट साफ केल्यावाचून वाजवू नये. तबकड्या लाखेच्या आहेत, त्या एकीवर एक न रचता उभ्या ठेवाव्या लागतात. सर्वांची संगणकावर नक्कल करून घेण्यास खर्च येईल, आणि तो किती याचा अंदाजपत्रकी आकडा आम्ही चिटणिसांकडे दिला आहे. सभेपुढे तो येईलच. नक्कल झाली तरी मूळ डबे टाकावयाचे नाहीत, असा ठरावाचा मसुदा आम्ही केला आहे. नव्या नकलाही दोन निराळ्या घरी ठेवाव्यात, एकाच कपाटात नव्हे. दहा-बारा वर्षांनी त्या पुन्हा नव्या साधनावर उतरवाव्या लागतील. हे काम एकदा करून मोकळे होण्याजोगे नाही आणि आमचे वय पाहता ते कोणा तरुणाने अंगावर घेतले पाहिजे. ज्यांनी भंगाराची सूचना केली तेच पुढे आले तर आम्हांस सर्वांत अधिक आनंद होईल, कारण हिशेबाला ते पक्के आहेत.

ट्रंक सध्या आमच्या घरी कोठीच्या खोलीत जमिनीपासून उंच, लाकडी पाटावर ठेवली आहे. डब्यांवरच्या व कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या वाचून आम्ही यादी केली आहे. ती कार्यालयात लावली आहे. वसतिगृहाची पायाभरणी, वधूवर मेळाव्यातील भाषणे, दोन कीर्तने, एका आजोबांची सत्तरी, असे बरेच काही लागले. पुष्कळ नावे आम्ही ओळखली. काही कुटुंबांस कळविलेही. एका डब्यावरची शाई मात्र उडाली आहे. भिंगाने पाहता १९६४ हा आकडा, भगिनी समाज हे शब्द, आणि खाली हळदीकुंकू असावे असे वाटते. त्या वर्षीच्या हळदीकुंकवास गेलेल्या, वा आईच्या कडेवर नेल्या गेलेल्या कोणी भगिनी आज हयात असतील तर त्यांनी सभेच्या आधी आमच्याकडे यावे. डबा उघडावयाचा तो त्यांच्या समक्षच.